या सुमारास क्यूमेकर शांत होते

सिराक्यूज या सिसिलीतल्या ग्रीक शहराची चांदीची नाणी देखणी असतात. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला अरेथुसा या झऱ्याच्या देवतेचं मुख, तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन आणि कडेने कोरलेली अक्षरं: सिराकोसिओन. आपण सहज समजतो की हे शहराचं नाव. पण ते षष्ठीचं बहुवचन आहे, 'सिराक्यूजकरांचं'. लेओन्टिनीच्या नाण्यावर 'लेओन्टिनीकरांचं', रेगिऑनच्या नाण्यावर 'रेगिऑनकरांचं'. अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर तर तीनच अक्षरं आहेत, आल्फा, थीटा, एप्सिलॉन, आणि तीही 'अथेन्सकरांचं' याचीच आद्याक्षरं मानली जातात. अपवाद आहेत. दक्षिण इटलीतल्या तारासने आपल्या नाण्यांवर सरळ 'तारास' असं छापलं. पण एकंदर रीत अशी की नाण्यावर गाव नाही, गावकरी.

हीच रीत तहनाम्यांत, ठरावांत, इतिहासात. आज आपण 'अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध' म्हणतो. त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस असं म्हणत नाही. त्याच्या ग्रंथाचं पहिलंच वाक्य सांगतं की अथेन्सकर थ्युसिडिडीसने पेलोपोनीजवाल्यांचं (म्हणजे स्पार्टा आणि तिच्या मित्रांचं) आणि अथेन्सकरांचं युद्ध लिहून काढलं. अथेन्स हे त्याच्या लेखी एक ठिकाण आहे, जिथे जाता येतं, जिथून निघता येतं. युद्ध पुकारतात, तह मोडतात, कर बसवतात ते अथेन्सकर. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः अथेन्समधून हद्दपार झालेला होता. इ.स.पू. ४२४ मध्ये तो सेनापती असताना अँफिपोलिस हे शहर हातचं गेलं, त्या प्रकरणानंतर वीस वर्षं त्याला गावात पाऊल टाकता आलं नाही. तरी पहिल्या वाक्यात, नावाला चिकटून, 'अथेन्सकर' आहेच.

मी हे वाचायला लागलो ते नाण्यांच्या नादाने, आणि अडकलो तो या प्रत्ययांत. आपल्याकडे 'कर' लावला की बहुतेक काम भागतं. ग्रीकांचं भागत नसे. कोरिंथचा तो कोरिंथिऑस, मिलेटसचा मिलेसिऑस. अथेन्सचा अथेनाइऑस, थीब्जचा थेबाइऑस. मेगाराचा मात्र मेगारेउस आणि अलेक्झांड्रियाचा अलेक्झांड्रेउस. अब्देराचा अब्देरितेस, तेगेआचा तेगेआतेस. आशिया मायनरमधल्या क्यूझिकॉसचा क्यूझिकेनॉस आणि सिसिलीतल्या अक्रागासचा अक्रागान्तिनॉस. परक्याने कोणता प्रत्यय लावायचा हे अंदाजाने सांगणं कठीण. जुन्या व्याकरणकारांनी त्यातही भौगोलिक कल ओळखले होते. 'एनॉस' दिसला की आशियाकडचा साचा, 'इनॉस' दिसला की इटली-सिसिलीकडचा. म्हणजे गाव ठाऊक नसलं तरी नावाच्या शेपटावरून माणूस समुद्राच्या कुठल्या बाजूचा याचा वास लागे.

या सगळ्याचा कोश करणारा एक गृहस्थ होता, बायझँटियमचा स्टेफनस. सहाव्या शतकात, जस्टिनियन बादशहाच्या काळाच्या आसपास, त्याने पन्नासहून जास्त खंडांचा प्रचंड ग्रंथ रचला, 'एथनिका'. प्रत्येक गावाचं नाव, ते कुठे आहे, आणि मग त्याचा खरा विषय: तिथल्या माणसाला काय म्हणायचं. मूळ ग्रंथ जवळजवळ सगळा गेला. उरलाय तो नंतर कुणीतरी केलेला संक्षेप, आणि संक्षेप करणाऱ्याने कथा, अवतरणं, गमतीजमती छाटून नेमके प्रत्यय ठेवले. त्यामुळे आज तो वाचणं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी वाचणं आहे. तरी मला तो आवडतो. सहाव्या शतकात बसून हा माणूस शेकडो अशा गावांच्या रहिवाशांची रूपं नीट लावतोय, ज्यांतली कितीतरी गावं तेव्हा ओसाड पडली होती. जिथे रूप पुस्तकात सापडत नाही तिथे तो दुसऱ्या गावाच्या धर्तीवर स्वतः बनवतो. माणसं नाहीत, पण त्यांना काय म्हणावं हे ठरलं पाहिजे.

स्टेफनस आणखी एक भेद काटेकोरपणे सांगतो, आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. माणसाचं रूप वेगळं, वस्तूचं वेगळं. कोरिंथचा माणूस कोरिंथिऑस, पण कोरिंथची वस्तू कोरिंथिआकॉस. आपल्याकडे माणूस पुणेकर आणि पाटी पुणेरी. माणूस कोल्हापूरकर आणि चप्पल कोल्हापुरी. नागपूरकर आणि नागपुरी संत्रं. सोलापूरकर आणि सोलापुरी चादर. प्रदेशाचं नाव असलं की हा नियम ढिला पडतो, वऱ्हाडी माणूसही असतो आणि वऱ्हाडी ठेचाही. पण गाव असेल तर आपला कान चटकन सांगतो की 'ई' वस्तूची आणि 'कर' माणसाचा.

आता याच नियमाची एक बाजू बघा. अथेन्सचा पुरुष अथेनाइऑस. अथेन्सचा मध, अथेन्सची बोली, ही आत्तिका या प्रदेशावरून 'अत्तिकॉस'. आणि अथेन्सची बाई? व्याकरणाने तिला 'अथेनाया' व्हायला हवं. पण ते अथेना देवीचंच नाव, म्हणून बाईला तसं म्हणणं जुन्या भाषाशुद्धीवाल्यांना खटकायचं. काही थडग्यांवर ते रूप सापडतं. पण साहित्यात तिच्या वाट्याला सहसा येतं ते 'अत्तिके', म्हणजे मधाला आणि बोलीला लावतात तेच विशेषण, किंवा मग 'आस्ते', शहरातली. देवीचं कारण खरंही असेल. पण ज्या गावात बाईला मत नव्हतं, सभेत जागा नव्हती, तिथे पुरुषांना ही व्याकरणाची अडचण फारशी टोचली नसावी, असं मला वाटल्यावाचून राहत नाही.

प्रत्ययाने सत्ता सांगण्याचं काम सिसिलीत सगळ्यांत उघड दिसतं. बेटावरचे मूळ रहिवासी सिकेलॉस. समुद्रापलीकडून येऊन तिथे वसलेले ग्रीक सिकेलिओतेस. एका बेटावरून दोन नावं, शेवटच्या दोन अक्षरांनी ठरणार की जमीन कुणाची होती आणि कुणी घेतली. इ.स.पू. ४२४ मध्ये गेला इथल्या परिषदेत सिराक्यूजच्या हेर्मोक्रातीसने या दुसऱ्या नावाचा फार हुशारीने वापर केला, निदान थ्युसिडिडीसने त्याच्या तोंडी तसं भाषण घातलं आहे. तो म्हणतो, आपल्यात कुणी डोरियन कुळीचा ग्रीक आहे, कुणी आयोनियन कुळीचा, पण आपण सगळे शेजारी आहोत, समुद्राने वेढलेल्या एकाच भूमीत राहतो आणि एकाच नावाने ओळखले जातो, सिकेलिओताइ. तेव्हा भांडणं आपसांत ठेवू, अथेन्सकरांना बाहेरून बोलावू नका. भाषण उत्तमच आहे. त्यात सिकेलॉस लोकांना जागा नाही हे वाचताना लक्षातही येत नाही.

स्पार्टाचं प्रकरण आणखी कडक. आपण ज्यांना स्पार्टन म्हणतो त्यांना ग्रीक बहुतेक वेळा 'लाकेदाइमोनिऑस' म्हणत, आणि त्यात आजूबाजूच्या गावांत राहणारे, सैन्यात लढणारे पण राजकीय हक्क नसलेले लोकही येत. 'स्पार्तियातेस' हे नाव पूर्ण नागरिकाचं. लढाईला जाताना मोठं नाव, हक्क वाटताना छोटं. स्पार्टाच्या जमिनीवर गुलामासारखे राबणारे हेलोट मात्र कुठल्याच नावात नाहीत. छोट्या नावाची माणसं पुढे झपाट्याने कमी होत गेली. इ.स.पू. ४७९ ला प्लाटीआच्या लढाईत ५,००० स्पार्तियातेस होते असं इतिहासकार हेरोडोटस सांगतो. इ.स.पू. ३७१ ला ल्यूक्ट्राच्या लढाईत ७०० होते आणि त्यांतले ४०० पडले. सामुदायिक खानावळीचा शिधा भरता आला नाही की नाव जाई. जमीन मोजक्या घरांत गोळा होत गेली तसतशी नावं गळत गेली. मोठं नाव तेवढं टिकून राहिलं, आणि त्याचा सगळ्यात झोंबरा वापर अलेक्झांडरने केला. इराण्यांवरच्या ग्रानिकसच्या विजयानंतर, इ.स.पू. ३३४ मध्ये, त्याने लुटीतली ३०० चिलखतं अथेन्सला अर्पण म्हणून पाठवली. त्यावर लिहायला सांगितलं: फिलिपचा मुलगा अलेक्झांडर आणि, लाकेदाइमोनकर वगळून, सर्व ग्रीक यांच्याकडून.

आता अथेन्सच्या आत. गंमत म्हणजे अथेन्समध्ये कुणी 'अथेन्सकर' म्हणून वावरत नव्हतं. क्लेइस्थेनीसने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास जी व्यवस्था लावली तिच्यात आत्तिकाची १३९ छोटी गावं आणि मोहल्ले झाले, त्यांना देमॉस म्हणत, आणि नागरिक ओळखला जाई तो त्याच्या देमॉसवरून. डेमोस्थेनीस पायानियाचा, सॉक्रेटिस अलोपेकेचा, पेरिक्लीस खोलार्गॉसचा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, देमॉस. थडग्यावर देमॉस असेल तर घरचा माणूस. 'मिलेटसकर', 'सिनोपेकर' असं काही असेल तर बाहेरचा, आणि अथेन्सच्या थडग्यांवर मिलेटसकर खंडीभर आहेत. शहराचं नाव लावावं लागणं हीच परकेपणाची खूण.

देमॉस वंशपरंपरेने मिळे. क्लेइस्थेनीसच्या वेळी पणजोबा जिथे नोंदला गेला ते गाव पणतूच्या नावात, मग पणतू शहरात जन्मला, वाढला, मेला तरी. मी कर-आडनावाचा माणूस आहे, त्यामुळे इथे मला थबकावंच लागलं. माझ्या आडनावात कोकणातलं एक खेडं आहे. तिथे आमचं घर नाही, कलमं नाहीत, सातबाऱ्यावर नाव नाही. देवळाच्या वर्गणीचा निरोप तेवढा येतो, कारण त्यांच्या यादीत आम्ही आहोत. लग्नकार्यात कुणी वडीलधारं विचारतं, "म्हणजे वरच्या वाडीतले की खालच्या?" आणि मी आत्याकडे बघतो. आत्या उत्तर देते, मग ते गृहस्थ एखादं नाव घेतात, आत्या मान हलवते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान येतं. मी तिथला आहे हे त्या दोघांनी ठरवलं. माझा त्यात काही वाटा नव्हता.

लिसियास या भाषणं लिहून देणाऱ्या वकिलाचं एक छोटं भाषण आहे, त्यात नेमकं हेच जिवावर बेततं. पण त्याआधी प्लाटीआबद्दल सांगायला हवं. थीब्जच्या कुशीतलं हे छोटं गाव अथेन्सच्या बाजूचं. इ.स.पू. ४२७ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर ते लाकेदाइमोनकरांच्या हाती पडलं. न्यायनिवाडा म्हणून प्रत्येक बंदिवानाला एकच प्रश्न विचारला गेला: या युद्धात तुम्ही लाकेदाइमोनकरांचं किंवा त्यांच्या मित्रांचं काही भलं केलंय का? नाही म्हणणाऱ्याला बाहेर नेऊन मारलं. दोनशेवर प्लाटीआकर गेले, बायका गुलाम झाल्या, पुढे गाव जमीनदोस्त केलं. आदल्या हिवाळ्यात वादळी रात्री तटावरून उतरून २१२ माणसं अथेन्सला निसटली होती. अथेन्सकरांनी प्लाटीआकरांना आपलं नागरिकत्व दिलं आणि वेगवेगळ्या देमॉसांत वाटून टाकलं. गाव नाही, पण प्लाटीआकर आहेत, आणि ते आता अथेन्सकरही आहेत.

इ.स.पू. ४०० च्या आसपास अथेन्समध्ये पांक्लेओन नावाचा एक माणूस कपडे धुण्या-खळवण्याच्या कामावर होता. कुणाशी तरी त्याचं वाजलं आणि त्या फिर्यादीने त्याला परदेशी रहिवाशांच्या खटल्यांच्या अधिकाऱ्यापुढे बोलावलं. पांक्लेओन म्हणाला, मी परदेशी नाही, प्लाटीआकर आहे. कुठल्या देमॉसात नोंद? देकेलेआ. फिर्यादी मग निघाला चौकशीला. हेर्म्सच्या मूर्तींजवळ एक न्हाव्याचं दुकान होतं, देकेलेआचे लोक तिथे बसत. त्याने तिथे विचारलं, तुमच्यात कुणी पांक्लेओन आहे का? कुणालाच माहीत नाही. मग तो प्लाटीआकरांतल्या वयोवृद्ध एउथ्युक्रितॉसकडे गेला. हिप्पार्मोदोरॉसचा मुलगा पांक्लेओन, ओळखता का? म्हातारा म्हणाला, हिप्पार्मोदोरॉसला ओळखतो, पण त्याला कुणी मुलगा असल्याचं मला माहीत नाही, पांक्लेओनही नाही आणि दुसराही नाही. आणखी काहींना विचारलं, तेव्हा कुणीतरी युक्ती सांगितली: महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताज्या चीजच्या बाजारात जा, प्लाटीआकर तिथे जमतात.

हा तपशील वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. गाव जमीनदोस्त झाल्याला पंचवीसेक वर्षं झाली आहेत, माणसं दहा ठिकाणी विखुरली आहेत, कागदोपत्री ती दुसऱ्याच शहराची आहेत, आणि तरी दर महिन्याच्या अखेरीस ती चीजच्या बाजारात भेटतात. प्लाटीआ त्या दिवशी तिथे असतं.

फिर्यादी त्या बाजारात गेला. सगळे म्हणाले, नाही बुवा. एकजण मात्र म्हणाला की प्लाटीआकरांत या नावाचा कुणी नाही, पण माझा एक गुलाम पळाला होता, त्याचं नाव पांक्लेओन. वयही जुळतं, धंदाही जुळतो. पुढे थोड्याच दिवसांत निकोमेदेस नावाच्या माणसाने पांक्लेओनला रस्त्यात धरलं, हा माझा गुलाम म्हणून. पांक्लेओनचे सोबती म्हणाले, उद्या याचा भाऊ येऊन हा स्वतंत्र असल्याचं सांगेल. दुसऱ्या दिवशी भाऊ आला नाही. एक बाई आली आणि निकोमेदेसशी भांडू लागली, हा तुझा नाही, माझा गुलाम. शेवटी सोबत्यांनी त्याला बळाने सोडवून नेलं. फिर्यादीचा शेवटचा टोला असा की हा गडी मध्यंतरी थीब्जला जाऊन राहिला होता. प्लाटीआकर सगळं जग सोडून थीब्जला जाईल?

खटल्याचा निकाल आपल्यापर्यंत आलेला नाही. पांक्लेओन बहुधा खोटं बोलत होता. पण मला फिर्यादीचा संताप येत राहतो. प्लाटीआ उद्ध्वस्त झालं तेव्हा नोंदवह्या गेल्या असतील, कितीतरी बाप मारले गेले, आणि एखादा पोर बाजारात न जाणारा, कुणाच्या आठवणीत नसलेला असूच शकत नव्हता का? एउथ्युक्रितॉसने मान हलवली नाही म्हणजे संपलं. माझ्या बाबतीत आत्याने मान हलवली, एवढाच फरक.

त्याच अथेन्सने इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसच्या सूचनेवरून कायदा केला होता की आई आणि बाप दोघंही शहराचे असतील तरच मुलगा नागरिक. पुढे पेरिक्लीस स्वतः अस्पाशियाबरोबर राहू लागला, आणि ती मिलेटसची. त्यांचा मुलगा त्याच्याच कायद्याने परका ठरला. महामारीत पहिले दोन मुलगे गेले तेव्हा त्याला गावापुढे पदर पसरावा लागला, आणि गावाने त्या मुलाला नाव दिलं. हा धाकटा पेरिक्लीस पुढे सेनापती झाला, आणि अर्गिनुसाईच्या लढाईनंतर इ.स.पू. ४०६ मध्ये त्याच गावाने त्याला इतर सेनापतींबरोबर देहान्ताची शिक्षा दिली. पूर्ण नागरिकाला मिळते तशी.

गावाचं नाव लागलं की गावाची टिंगलही लागते. अब्देराकर म्हणजे अडाणी, असा सगळ्या ग्रीस देशाचा ग्रह. डेमोक्रिटस आणि प्रोटागोरस हे तत्त्वज्ञ दोघं अब्देराचे, तरी ग्रह काही हलला नाही. फोक्यूलिदीस या कवीची दोन ओळींची कविता आहे: लेरॉसकर वाईट, एखादा वाईट आणि एखादा बरा असं नाही, सगळेच, प्रोक्लेस सोडून, आणि प्रोक्लेस लेरॉसकरच. ॲरिस्टोफेनीसने तर एका शब्दात खून पाडला आहे. 'मेघ' नाटकात सॉक्रेटिसचा उल्लेख येतो 'मेलॉसकर सॉक्रेटिस'. सॉक्रेटिस पक्का अथेन्सचा. पण मेलॉसचा डायागोरस नास्तिक म्हणून कुप्रसिद्ध होता, आणि प्रेक्षकांना तेवढा इशारा पुरला. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याची हजरजबाबी मात्र निखळ आहे. सेरिफॉस नावाच्या टीचभर बेटावरच्या एकाने त्याला टोमणा मारला, तू मोठा झालास तो अथेन्सचा म्हणून. तो म्हणाला, खरंय, मी सेरिफॉसकर असतो तर मोठा झालो नसतो. आणि तू अथेन्सकर असतास तरी झाला नसतास.

पण माझे लाडके क्यूमेकर. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं हे मोठं शहर, आणि इथल्या लोकांच्या मठ्ठपणाच्या गोष्टी भूगोलकार स्ट्रॅबोने प्रेमाने लिहून ठेवल्या आहेत. शहर वसल्यावर तीनशे वर्षं त्यांनी बंदरावर जकातच बसवली नाही, तेव्हा लोक म्हणायला लागले की आपण समुद्राकाठी राहतो हे यांना उशिरा कळलं. दुसरी गोष्ट छत असलेल्या सार्वजनिक ओसऱ्यांची. गावाने त्या गहाण टाकून कर्ज काढलं, फेडलं नाही, सावकारांनी ओसऱ्या बंद केल्या. पाऊस आला की सावकारांनाच लाज वाटे आणि ते दवंडी देववत: या, ओसरीखाली या! बाहेरच्यांनी ऐकलं ते एवढंच, की क्यूमेकरांना पावसात आडोशाला जायचं हे दवंडी पिटून सांगावं लागतं. 'फिलोगेलॉस' या उत्तरकालीन विनोदसंग्रहात अब्देराकर आणि सिदोनकर यांच्याबरोबर क्यूमेकरांचा वेगळा गठ्ठाच आहे. त्यातला एक क्यूमेकर मध विकतोय. गिऱ्हाईक चाखून म्हणतं, फारच छान. हा म्हणतो, उंदीर पडला नसता तर विकलाच नसता.

याच क्यूमेचा एफोरस. ग्रीकांचा मोठा इतिहास लिहिणारा, नावाजलेला माणूस. इतर शहरांचे पराक्रम लिहिताना त्याला आपल्या गावाचं नाव कुठे घ्यायला मिळेना, कारण गावाने काही केलंच नव्हतं. मग त्याने मधेच लिहून टाकलं: या सुमारास क्यूमेकर शांत होते. स्ट्रॅबो हे हसण्यासाठी सांगतो. सगळ्या जगाच्या इतिहासात आपल्या गावासाठी एक ओळ काढणाऱ्या माणसाला मी हसू शकत नाही. शिवाय त्या शतकातला ग्रीस बघता शांत राहणं ही काही लहान कामगिरी नव्हती.

सामोसकरांनाच विचारावं. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सचा आरमारी कणा मोडला, बाकी मित्र सोडून गेले, सामोस राहिलं. कृतज्ञतेने अथेन्सकरांनी ठराव केला की सामोसकर अथेन्सकर व्हावेत. दोनच वर्षांनी तो पुन्हा पक्का केला. त्याची शिळा अथेन्सच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयात आहे, वर सामोसची हेरा आणि अथेन्सची अथेना हातात हात देऊन उभ्या आहेत. आणि चाळीसेक वर्षांनी, इ.स.पू. ३६५ मध्ये, अथेन्सने सामोस घेतलं, तिथल्या लोकांना हाकललं आणि स्वतःचे वसाहतवाले आणून बसवले. बेघर सामोसकर ठिकठिकाणी पिढी-दीड पिढी काढून, अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर परत आले. आल्यावर त्यांनी काय केलं? आम्हाला परागंदा असताना कुणी थारा दिला, कुणी मदत केली, याच्या आभाराचे ठराव दगडात कोरायला घेतले.

मेसेनियाकरांचं तर गावच नव्हतं. स्पार्टाने त्यांची भूमी गिळली, बहुतेक हेलोट झाले, काही निसटलेल्यांना अथेन्सने नाउपाक्तॉसला वसवलं. तिथून त्यांनी ऑलिंपियाला विजयदेवतेची ती सुप्रसिद्ध उडती मूर्ती अर्पण केली, पायोनिऑसने घडवलेली. तिच्या खाली लिहिलंय: मेसेनियाकर आणि नाउपाक्तॉसकर यांनी अर्पण केली. पेलोपोनीजमध्ये तेव्हा मेसेने नावाचं शहर अस्तित्वात नव्हतं. ते वसलं इ.स.पू. ३६९ मध्ये, थीब्जच्या एपामिनोंदासने स्पार्टाला नमवल्यावर, आणि जगभरातून माणसं 'आपल्या' गावी परतली. प्रवासवर्णनकार पौसानियस सांगतो, तीनशे वर्षं भटकूनही त्यांनी आपली डोरिक बोली बिघडू दिली नाही. आजच्या काही इतिहासकारांचं म्हणणं वेगळं आहे: हे 'मेसेनियाकर'पण बरंचसं परदेशातच घडलं. तसं असेल तर इथे आधी नाव आलं, मग गाव.

आपलं नाव बदलणारेही होते. हेरोडोटसच्या ग्रंथाचा आरंभ 'हालिकार्नाससकर हेरोडोटसचा हा शोध' असा आहे, पण ॲरिस्टॉटल हेच वाक्य 'थुरिऑईकर हेरोडोटस' असं उद्धृत करतो. हेरोडोटस पुढे इटलीतल्या त्या नव्या वसाहतीत जाऊन राहिला होता. कोणतं त्याने लिहिलं, कोणतं नकलाकारांनी, यावर वाद घालता येतो; म्हातारपणी त्याने स्वतःच दुरुस्ती केली असावी, असं मानायला मला आवडतं. सिनोपेचा डायोजेनिस स्वतःला विश्वाचा नागरिक म्हणवायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं दुसरं उत्तर जास्त पटतं. कुणी म्हणालं, सिनोपेकरांनी तुला हद्दपारीची शिक्षा दिली. तो म्हणाला, आणि मी त्यांना तिथेच राहण्याची.

आणि सालामिसच्या आरमारी लढाईआधीची ती चकमक. इ.स.पू. ४८०, अथेन्स इराण्यांनी जाळलेलं, बायकापोरं दुसरीकडे हलवलेली. सेनापतींच्या सभेत कोरिंथचा अदेइमान्तॉस थेमिस्टोक्लीसला म्हणाला, ज्याला गाव नाही त्याने गप्प बसावं. थेमिस्टोक्लीसने त्याला आणि कोरिंथकरांना सडकून सुनावलं: आमच्याकडे माणसांनी भरलेली दोनशे जहाजं आहेत, तोवर आमचं गाव तुमच्यापेक्षा मोठं आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर नाशिकला जावं. पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचं लेणं एका यवनाने (प्राचीन भारतात ग्रीकांना लावत ते हे नाव) खोदवलं, आणि व्हरांड्याच्या भिंतीवर प्राकृतात तसं कोरून ठेवलं: ओतराहस दातामितियकस योणकस धंमदेवपुतस ईदाग्निदतस. उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा, यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. दात्तामित्री म्हणजे डेमेट्रियस राजाच्या नावाचं देमेत्रियास शहर, असं विद्वान मानतात. आराकोसियात, आजच्या अफगाणिस्तानात, या नावाचं एक शहर खाराक्सच्या इसिडोर या प्राचीन भूगोललेखकाने नोंदवलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दानं आहेत, 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं'. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. यांतले किती खरे ग्रीक रक्ताचे आणि किती त्या नावाखाली आलेले, हा अभ्यासकांचा वाद. नाशिकच्या माणसाचं स्वतःचं नाव भारतीय, बापाचं भारतीय, धर्म बौद्ध, भाषा प्राकृत. ग्रीक उरलं ते फक्त 'यवन' हा शब्द आणि गाव. तेही त्याने ग्रीक रीतीने सांगितलं, नाव, बाप, शहर, आणि शहराला प्रत्यय लावला आपल्या इथला. त्याच लेखात मुलगा धंमरखित याचंही नाव आहे, पण त्याच्या मागे दातामितियक लावलेलं नाही.

देमेत्रियासच्या माणसाचं ग्रीक रूप देमेत्रिएउस. नाशिकच्या भिंतीवरचं 'दातामितियक' हे रूप स्टेफनसच्या कोशात नाही. त्याला कळवायला हवं होतं.